झारी निळ्या बशीत

"हे असले पत्ते घरात ठेवू नकोस, पोरी," यूत्कामावशीने तिला सांगितलं होतं. "ही कार्टी घरातलं सगळं इथे आणून ओततात. एक दिवस तोंडावर पडशील. तू पडलीस तर उठशील गं, पण दुसऱ्याच कुणाचं तरी कपाळ फुटेल."

बालवाडीत कोट अडकवायच्या खोलीत, खुंट्यांखाली साचलेलं बर्फाचं पाणी पुसता पुसता मावशी बोलत होती. तिच्या ओल्या हातात एनिकोच्या मुलीच्या, बोरोकाच्या, खिशातून पडलेला एक पत्ता होता. जाड पुठ्ठ्याचा, कोपरे नीट गोल कापलेला, वर रंगवलेली झारी आणि एका कडेला बारकासा निळा ठिपका. एनिकोने तो घेतला, रुमालाने पुसला आणि हसली.

"अहो मावशी, गणित आहे ते. संच शिकवतेय मी तिला."

"झारी म्हणजे आपली रमोनाच ना?"

"चित्र आहे हो नुसतं."

"चित्र नाही, पोर आहे ती," मावशी म्हणाली आणि फडकं पिळायला गेली.

आठवी पास बाईला संच काय कळणार, असं एनिकोच्या मनात आलं. तिने ते बोलून दाखवलं नाही, एवढाच तिचा सभ्यपणा.

हंगेरीतल्या शायो नदीकाठच्या त्या गावात पोराला बालवाडीत घातलं की पहिल्या दिवशी त्याला एक चिन्ह मिळतं. अक्षरओळख नसते, म्हणून नावाच्या जागी चिन्ह: खुंटीवर, टॉवेलावर, दात घासायच्या पेल्यावर, दुपारच्या झोपेच्या गादीवर. आया ती चिन्हं हौसेने भरतकामात काढतात. पोरं एकमेकांना नावाआधी चिन्हाने ओळखतात, आणि मोठेपणी कुणाच्या तरी लग्नात दोन टकली माणसं भेटली तरी 'तू होडी होतास ना रे?' म्हणत गळ्यात पडतात. बोरोका खार होती. तिच्या वर्गात बावीस चिन्हं होती आणि एनिकोने ती बावीसच्या बावीस घरी रंगवून त्यांचा पत्त्यांचा जोड केला होता.

एनिको डेब्रेत्सेनला रसायनशास्त्र शिकून आलेली. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत दुपारी बारापर्यंत काम करायची. नवरा गेर्गो ऑस्ट्रियात वेल्डिंगला, पंधरवड्याने शनिवारी यायचा, झोपायचा आणि परत जायचा. मुलीचं सगळं हिच्याच अंगावर. पोलादाचा कारखाना बंद पडला तेव्हा ती दहा वर्षांची होती. मागे पडलेल्या माणसासाठी कुणी थांबत नाही हे तिने तेव्हा बापाच्या तोंडावर वाचलं होतं, आणि ते तिच्या पोटात कायमचं बसलं होतं. म्हणून ती मुलीला जिना चढताना पायऱ्या मोजायला लावायची, आंघोळीच्या टबात काय बुडतं नि काय तरंगतं ते विचारायची, रश्श्यात घालायच्या शेवया आखूड-लांब लावून घ्यायची. पोरगीही उत्साही, विचारलं की उत्तर तयार.

सप्टेंबरात बोरोकाच्या डोक्यात ऊ सापडली. एकच. दुसरी कुणी असती तर तिने नखावर चिरडून विषय संपवला असता. एनिकोने ती काचपट्टीवर घेतली, दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि बराच वेळ पाहत राहिली. मग तिने बालवाडीच्या बाईंना, पिरोश्काबाईंना, गोड शब्दांत विनंती केली की खारीचा टॉवेल झारीच्या टॉवेलाशेजारून हलवावा, तिकडे खिडकीपाशी. बाईंनी काही न विचारता हलवला. पंधरा दिवसांनी घंटेच्या डोक्यातही उवा निघाल्या. घंटा म्हणजे औषधांच्या दुकानवालीचा मुलगा. त्याच्या शेजारचा टॉवेल कुणी हलवला नाही.

पत्त्यांचा खेळ त्यानंतरचा. लग्नात आलेल्या बशांमधली एक पांढरी आणि एक निळी बशी टेबलावर मांडायची. ज्यांच्याशी खेळायचं, ज्यांना वाढदिवसाला बोलवायचं, ते पांढऱ्या बशीत. ज्यांच्याशी जरा लांबूनच बरं, ते निळ्या बशीत. एनिको अर्वाच्य बोलणारी बाई नव्हती. रुळांपलीकडच्या रोमा वस्तीतल्या लोकांना गावात ज्या शब्दाने हाक मारतात तो तिने मुलीसमोर कधी उच्चारला नाही. उलट सांगायची, "निळ्यातल्यांशी भांडायचं नाही हं. खेळणं मागितलं तर द्यायचं. फक्त चिकटायचं नाही."

निळ्या बशीत तीनच पडायचे: झारी, बेडूक आणि होडी, तिघंही त्या वस्तीतली.

"बावीसातून तीन गेले, उरले किती?"

"एकोणीस!"

"माझी गुणाची गं ती!"

"पण आई, नियम काय?"

"नियम मनात ठेवायचा असतो. तीच तर गंमत."

जानेवारीत पिरोश्काबाईंनी बर्फाचा प्रयोग केला. सकाळी पोरांनी काचेचे पेले अंगणातल्या भुसभुशीत बर्फाने काठोकाठ भरले आणि खिडकीत ठेवले. एनिको बोरोकाला न्यायला आली तेव्हा पेल्यांच्या तळाशी तीन बोटं पाणी होतं आणि बाई विचारत होत्या, "एवढा बर्फ होता, बाकीचा गेला कुठे?"

एनिको काचेच्या दारातून बघत होती. बोरोकाचा हात सगळ्यात आधी वर. "वाफ झाली!"

"छान. आणखी कुणी?"

झारी उभी राहिली. रमोना कोलोम्पार, सहा वर्षांची, डाव्या भुवईवर एक जुना व्रण, स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. "कुठेच नाही गेला," ती म्हणाली. "आधी मध्ये मध्ये रिकामं होतं. पिसांच्या उशीसारखं. बसली की कमी दिसते." मग तिने खिडकी उघडून कट्ट्यावरचा बर्फ ओंजळीत घेतला आणि दाबून त्याचा अक्रोडाएवढा गोळा करून दाखवला. "हे बघा. हा कुठे वितळलाय?"

कोणतं उत्तर बरोबर होतं हे रसायनशास्त्र शिकलेल्या बाईला कुणी सांगायला नको होतं. घरी जाताना तिने मुलीला वाफेबद्दल पुन्हा एकदा सगळं समजावलं, जरा रागानेच.

त्याच दुपारी दारात तिने आणखी एक ऐकलं. रमोनाची आई, आरांका, रस्ते झाडायच्या कामावरून थेट आली होती, अंगात ते नारिंगी जाकीट. पिरोश्काबाई तिला समजावत होत्या, "त्या कागदाने घाबरू नका हो. गेल्या वर्षी छातीच्या दुखण्याने ती तीन महिने आली नाही, म्हणून जिल्ह्याच्या तज्ज्ञ बाई येऊन एकदा बघणार. पंधरा फेब्रुवारीला. तुकडे लावायचे, चार प्रश्नांची उत्तरं द्यायची, की झालं. सप्टेंबरात सगळ्यांबरोबर पहिलीत."

"आणि नाही बोलली तर?"

"ती? तिचं तोंड कधी मिटतं का?"

"माझी थोरली नाही बोलली," आरांका म्हणाली. "बाई नवीन दिसली म्हणून बुजली. वेगळ्या वर्गात घातली तिला. आता तेरा वर्षांची झाली, अजून कागदावर सफरचंदं रंगवतेय. तिथून कुणाला परत आलेलं बघितलंय तुम्ही?"

पिरोश्काबाईंनी बघितलं नव्हतं. "रमोनाचं तसं नाही होणार," त्या म्हणाल्या. "माझ्या वर्गातली सगळ्यात तल्लख पोर आहे ती. मी सांगते ना."

सगळ्यात तल्लख. एनिको बोरोकाच्या बुटांचे बंद बांधत होती. तिने गाठ जरा जास्तच आवळली.

फेब्रुवारीच्या पहिल्या शुक्रवारी पालकांना वर्ग बघायला बोलावलं होतं. चिमुकल्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीशी घेऊन आया-बाप बसले. आरांका तासाची सुट्टी काढून आली होती. जाकीट गुंडाळून काखेत धरलेलं, ती शेवटी भिंतीला टेकून उभी. पिरोश्काबाईंनी जमिनीवर दोन मोठ्या कड्या मांडल्या, एक लाल, एक पिवळी. खेळ साधा: एका मुलाने मनात नियम धरायचा आणि बाकीच्यांना एकेक करून या नाहीतर त्या कडीत उभं करायचं. इतरांनी प्रश्न विचारून नियम शोधायचा. उत्तर फक्त हो किंवा नाही. बरोबर ओळखेल त्याला बाईंच्या टोपलीतला एक चेस्टनट.

गोगलगायीचा नियम होता पट्ट्यापट्ट्यांचे मोजे. तिसऱ्या प्रश्नाला सुटला. सगळे हसले, टाळ्या झाल्या.

"आता कोण? ये, बोरोका."

एनिको खुर्चीत पुढे सरकली. मुलगी मधोमध उभी राहिली, दोन्ही वेण्या मागे टाकल्या आणि विचारलं, "बाई, निळी कडी नाही का?"

"आहे की." बाईंनी पिवळी उचलली, निळी ठेवली.

तेव्हाच एनिकोला पुढचं सगळं दिसलं. ती उठू शकली असती. डोकं दुखतंय म्हणून मुलीला बाहेर नेऊ शकली असती. पण सगळे बघत होते, आणि बोरोका इतकी सुरेख, न अडखळता काम करत होती. घंटा लाल कडीत. गोगलगाय लाल. छत्री लाल. बेडूक निळ्यात. चेरी लाल. होडी निळ्यात. मग झारीचा हात धरून तिने तिलाही निळ्यात नेलं. लाल कडीत अठरा पोरं दाटीवाटीने, निळ्यात तीन, ऐसपैस.

"धाकटं भावंड आहे ते?" एका बापाने विचारलं.

"नाही."

"काळे डोळे?" हे विचारलं घंटेच्या आईने, क्रिस्टाने. औषधांच्या दुकानात गावभरची दुखणी ऐकून तिला सगळ्यांचं सगळं माहीत.

बोरोकाने नीट वळून बघितलं. "नाही. तुमच्या घंटेचे पण काळेच आहेत."

हशा झाला. एनिकोने घाईघाईने हात वर केला. "मला कळलं! चेनचे स्वेटर!"

"नाही," बोरोका म्हणाली. मग थोडी वैतागली. "आई, तू नको ना सांगू. तुला तर माहीतच आहे. हा आपला बशांचा खेळ."

कुणीतरी खोकलं. पिरोश्काबाईंची मान किंचित वर झाली. सव्वीस वर्षं त्या या कामात होत्या, आणि सव्वीस वर्षांत त्यांना एकच सवय लागली होती: खेळ अडला की पुढे ढकलायचा. "बरं, बरं," त्या म्हणाल्या, "आता आत उभे आहेत त्यांनी विचारा."

निळ्या कडीतून रमोनाचा हात वर गेला, बाहीसकट.

"सोमवारी पण आम्ही ह्याच कडीत असू?"

"हो."

"नवे कपडे घातले तरी?"

"हो."

"केस धुतले तरी?"

बोरोकाने आईकडे पाहिलं. आई जमिनीकडे बघत होती. "हो," बोरोका म्हणाली.

"तुझ्या घरी पण हा नियम चालतो?"

"हो."

"मी तुझ्या घरी आलेय कधी?"

"नाही."

"येणारेय?"

"नाही."

रमोनाने बेडकाकडे पाहिलं, होडीकडे पाहिलं, ओठ हलवत काहीतरी जुळवलं. आणि मग तिचा चेहरा उजळला. कोडं सुटल्यावर कुणाचाही उजळतो तसा, लख्ख.

"सापडलं! निळ्यातल्यांना तुमच्याकडे यायचं नाही. आणि तुझा टॉवेल माझ्या शेजारून खिडकीपाशी नेला ना, तो पण ह्याच नियमाने नेला! कारण आता तो बेडकापासून पण लांब आहे आणि होडीपासून पण. तिघांपासून लांब अशी तेवढी एकच खुंटी आहे. मी मोजलंय."

"बरोबर!" बोरोका ओरडली आणि तिने उडी मारली.

"शाब्बास, रमोना," पिरोश्काबाईंच्या तोंडून गेलं, आणि सव्वीस वर्षांच्या सवयीच्या हाताने त्यांनी टोपलीतला चेस्टनट उचलून तिच्या तळहातावर ठेवला.

मागून टाळ्या आल्या. आरांका. "माझी रमोना!" ती शेजारच्या बाईला म्हणाली. "बघितलंत? मोठ्यांना नाही जमलं!" काखेतलं जाकीट खाली पडलं तरी ती टाळ्या वाजवत होती. चार वाजल्या, पाच वाजल्या. मग तिच्या लक्षात आलं की दुसरं कुणीच वाजवत नाही. तिने सगळ्यांच्या पाठमोऱ्या डोक्यांकडे पाहिलं, मग कडीतल्या तिघांकडे, आणि तिचे हात हवेतच एकमेकांना धरून राहिले.

रमोनाने आईचे हात थांबलेले पाहिले. उत्तर सापडल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर अजून तसाच होता. तो आता उतरवायचा कसा, हे सहा वर्षांच्या पोरीला कुठून कळणार? हसत हसतच तिने पायाखालच्या निळ्या कडीकडे बघितलं. मग ती बाहेर पडली. लाल कडीत गेली नाही. खेळण्यांच्या कपाटामागे जाऊन उभी राहिली.

"आता आपण गाणं म्हणू या," पिरोश्काबाई म्हणाल्या.

कोटांच्या खोलीत आरांका मुलीची बटणं लावत होती. एनिको जवळ गेली. "आरांका, मुलं काय हो, काहीही बोलतात..."

"हो ना, बाई," आरांका मान वर न करता म्हणाली. "कुठून शिकतात, देव जाणे."

एनिको वळली तर मागे क्रिस्टा. तिने हिला कोपराने ढोसलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "बशांचा खेळ! काय डोकं आहे गं तुझं. आम्ही नुसतं 'जाऊ नको, जाऊ नको' करत घसा सुकवतो, पोरं ऐकतात होय? तू तर अभ्यासातच बसवलंस. ते पत्ते तयार आहेत ना? फोटो पाठव की."

"पाठवते," एनिको म्हणाली. दुसरं काहीही म्हणता आलं असतं.

संध्याकाळी तिने फोटो पाठवले. ठिपके बोटाने झाकून. पाच मिनिटांत क्रिस्टाचं उत्तर आलं: 'गोड आहेत! निळ्यात कोण कोण ते विसरले बघ.' एनिकोने फोन उपडा ठेवला. जेवण वाढलं. मग फोन सुलटा केला आणि तीन चिन्हांची नावं लिहून पाठवली.

बोरोका बटाटे चिवडत होती. "आई, मी नियम मनातच ठेवला होता. तिनेच ओळखला. ती हुशार आहे ना?"

"हो."

"मग ती आता पांढऱ्या बशीत येणार?"

"जेव."

"पण आई, नियमाप्रमाणे..."

"जेव म्हटलं ना!"

सोमवारी रमोना आली, पण दुसरीच कुणी आल्यासारखी. रांगेत उभी राहीना, जोडी धरीना. बाईंनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिला येत असायचं, ते तिच्या डोळ्यांत दिसायचं, आणि मग ती डोळेही खाली घालायची. टॉवेलाला हात पुसायची बंद झाली. ओले हात स्वेटरला पुसायची. जमिनीवर कड्या मांडल्या की भिंतीला पाठ लावून बसायची. "रुसलीय," पिरोश्काबाई म्हणाल्या. "निवळेल. पोरं विसरतात."

पंधरा फेब्रुवारीला एनिको साडेबारा वाजता बालवाडीत शिरली तेव्हा यूत्कामावशीने तिची बाही धरून तिला कोटांच्या रांगेमागे ओढलं. मावशीचे डोळे लाल झाले होते.

"गेली पोर," ती म्हणाली. "आपल्या डोळ्यांदेखत गेली."

"काय झालं?"

"त्या जिल्ह्याच्या बाईने दोन तबकं मांडली. लाकडी तुकडे दिले, लाल, पिवळे, गोल, चौकोनी. म्हणाली, सारखे सारखे वेगळे लाव. पोरीने हात पाठीमागे घेतले, असे. बरं, मोठा कुठला? छोटा कुठला? ओठ मिटलेले. मी चहा द्यायला दोनदा आत गेले, दोन्ही वेळा तशीच. चाळीस मिनिटं! आणि शेवटी काय केलंन? सगळे तुकडे एका ढिगात लोटले आणि दोन्ही तबकं उपडी घातली."

"आणि त्या काय म्हणाल्या?"

"लिहून घेतलंन. वर्गीकरण जमत नाही. मी वाचलं ना." मावशीने बाही सोडली नव्हती. "तू जा आत. ती कॉफी पितेय, अजून अर्धा तास आहे. तिला सांग त्या शुक्रवारी काय झालं ते. एवढं एक सांग, की पोरीला येतंय, पण ती लावणार नाही, आणि का लावणार नाही. माझं कोण ऐकतंय? मी फरशी पुसणारी. पिरोश्काबाई म्हणतात, बोलायला गेलो तर माझ्याच वर्गावर ठपका येईल. तू शिकलेली आहेस. तुझं ऐकतील."

एनिको आत गेली. खरंच सांगायचं म्हणून गेली.

तज्ज्ञ बाई साध्या, प्रेमळ दिसत होत्या. चष्मा दोरीने गळ्यात, हातात पोगाचा नावाची खारी अर्धवट खाल्लेली, तिचा चुरा कागदांवर. "या, या. आपण?"

"बोरोकाची आई."

"खार! अहो, काय मुलगी आहे!" त्यांनी पोगाचा खाली ठेवली. "सकाळी सगळ्या वर्गाला बसून पाहिलं मी. रंग, आकार, वापर, तीन तीन प्रकारे वेगळं लावते, आणि नियम शेवटपर्यंत सोडत नाही. या वयात क्वचित दिसतं. घरी कुणी करून घेतं का?"

टेबलावर रमोनाचा कागद उघडा पडला होता. प्रयोगशाळेत उलटी लेबलं वाचायची सवय असल्याने एनिकोला तो उलटाही वाचता आला. नाव होतं, जन्मतारीख होती, मावशीने सांगितलेलं ते वाक्य होतं. खाली दोन चौकोन होते, आणि दोन्ही अजून रिकामे होते. बाईंचं पेन शेजारीच होतं. एनिकोच्या जिभेवर शब्द तयार होते. त्या मुलीला सगळं येतं. ती लावत नाहीये, कारण मी. त्या 'मी'च्या पुढचं वाक्य तिला बोलायचं होतं. मग तिला दिसलं की हे वाक्य लिहून घेतलं जाईल, आणि ज्या पाकिटात बोरोकाचं कौतुक जाणार आहे त्याच पाकिटात तेही जाईल.

"मी घेते," ती म्हणाली. "रोज थोडं थोडं."

"दिसतंच आहे. असेच पालक हवेत. आणखी काही बोलायचं होतं?"

"नाही. एवढंच."

बाहेर मावशी भिंतीला टेकून उभी होती. "बोललीस?"

"बोलले," एनिको म्हणाली आणि बोरोकाचा कोट शोधू लागली. मावशीने दोन्ही हातांनी तिचा हात धरला आणि त्यावर ओठ टेकले. एनिकोने तो हात घरी गेल्यावर साबणाने धुतला, मग पुन्हा धुतला.

मार्चमध्ये कागद आला. वेगळा वर्ग. मावशीला कळायचं ते कळलं. त्या दिवसापासून ती बोरोकाच्या खुंटीखालचं पाणी पुसायची, पण तोंडातून शब्द काढत नसे. हरकत घ्यायला आरांकाला पंधरा दिवस होते आणि अर्ज अकरा पानांचा. एनिकोने एकदाचं जिल्ह्याला पत्र लिहिलं. बर्फाच्या पेल्याचा प्रसंग त्यात तपशीलवार लिहिला, ओंजळीतल्या गोळ्यासकट, आणि मुलीला फेरतपासणीची संधी मिळावी अशी विनंती केली. बशांबद्दल एक अक्षर नव्हतं. उत्तर दोन ओळींचं आलं: हरकत फक्त पालक घेऊ शकतात. ते आलं तेव्हा सतरावा दिवस होता.

उन्हाळ्यात आरांकाचं झाडूचं काम सुटलं आणि ती लोकं तिच्या सासरच्या खेड्याकडे गेली, टेकड्यांच्या बाजूला, जिथे बस संपते तिथे. सप्टेंबरात झारी एका तीन वर्षांच्या नव्या पोराला मिळाली. बोरोका आता तिसरीत आहे. गणिताच्या जिल्हा स्पर्धेत पहिली आली, घरी चषक आहे. तिला रमोना आठवत नाही. एकदा एनिकोने मुद्दाम विचारलं, तर म्हणाली, "कोण रमोना?" आणि पुढचं उदाहरण सोडवायला घेतलं.

एनिको दोनदा त्या बसमध्ये बसली. दोन्ही वेळा अर्ध्या वाटेवर उतरली आणि समोरून येणाऱ्या बसने परत आली. रमोना आपल्याला ओळखेल, ही एक भीती. ओळखूनही काही बोलणार नाही, ही त्याहून मोठी.

म्हणून ती आता तुम्हाला सांगते आहे. तुमच्यापैकी कुणी त्या टेकड्यांकडे जाणार असेल, कामाला, नातेवाइकांकडे, जत्रेला, तर बस जिथे वळते तिथे उतरा. हिरव्या फाटकाची शाळा आहे म्हणे. वेगळा वर्ग मागच्या बाजूला, सरपणाच्या खोलीशेजारी. नऊ वर्षांची मुलगी, डाव्या भुवईवर व्रण. तिला काहीही विचारा. वाजले किती, विहीर किती खोल असेल, बस वर चढताना आवाज का बदलते. घाई करू नका, बराच वेळ थांबा. ती बोलते का, एवढंच बघा आणि कळवा. पण एनिकोने पाठवलं आहे, असं मात्र तिला सांगू नका.